कुकच्या आधीपासून तिथे असलेली माणसे

ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकने १७६८ ते १७७९ या काळात पॅसिफिक महासागरात तीन सफरी केल्या. तिसऱ्या सफरीतच तो मारला गेला. या सफरींबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत.

‘ऑस्ट्रेलियाचा शोध कुकने लावला’ असे मुलांना शिकवावे का? (शिक्षिका, नाशिक)

शिकवू नये. युरोपीय लोकांपुरते बोलायचे तरी डच खलाशी विलेम यान्सझोन १६०६ मध्येच तिथल्या उत्तर किनाऱ्याला लागला होता. आणि मूळ रहिवासी तर त्या भूमीवर किमान ५० हजार वर्षे राहत होते. कुकने पूर्व किनाऱ्याचा नकाशा काढला. तो इतका काटेकोर होता की पुढे कित्येक दशके जहाजे त्याच्या भरवशावर चालली. हे श्रेय त्याचेच आहे आणि ते मुलांना जरूर सांगावे.

त्यासोबत आणखी एक गोष्ट सांगा. निघताना नौदलाने त्याला गुप्त आदेश दिले होते. लोकवस्ती असेल तिथे रहिवाशांच्या संमतीनेच जागा ताब्यात घ्यायची, असे त्यांत स्पष्ट लिहिले होते. २९ एप्रिल १७७० रोजी आजच्या सिडनीजवळच्या बॉटनी बे इथे ग्वीगल जमातीच्या दोन पुरुषांनी भाले घेऊन त्याच्या होड्या अडवल्या. कुकने बंदुकीतून छर्रे झाडले, त्यात एकजण जखमी झाला. किनाऱ्यावर उतरल्यावर त्याच्या माणसांनी झोपड्यांमधले चाळीसच्या वर भाले उचलून नेले. मग २२ ऑगस्टला उत्तरेच्या एका बेटावर झेंडा रोवून त्याने सगळा पूर्व किनारा राजा तिसऱ्या जॉर्जच्या नावे केला. संमती कुणाची घेतली? कुणाचीच नाही. माझ्या मते त्या सफरीतला हाच सर्वात महत्त्वाचा प्रसंग आहे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे राहिले.

बेटांवरच्या लोकांना स्वतःला दूरवर जहाजे नेता येत होती का? (वाचक, रत्नागिरी)

येत होती, आणि कुकला ते चांगले ठाऊक होते. १७६९ मध्ये ताहितीहून निघताना त्याच्या ‘एंडेव्हर’ जहाजावर तुपाया नावाचा माणूस आला. तो मूळचा राइआतेआ बेटाचा, धर्मविधींचा जाणकार आणि निष्णात नावाडी. तारे, लाटांची दिशा आणि पक्ष्यांचे उडणे पाहून तो वाट ओळखी. त्याच्या माहितीवरून तयार झालेल्या नकाशात सत्तरहून अधिक बेटे आहेत. जहाज कितीही वळणे घेवो, ताहिती कोणत्या बाजूला आहे हे तो केव्हाही दाखवू शके.

न्यूझीलंडला पोहोचल्यावर माओरी लोकांशी तो सहज बोलू लागला, कारण दोन्ही भाषा एकाच कुळातल्या. तरीही आजच्या गिसबोर्नजवळ पहिल्या काही दिवसांतच कुकच्या माणसांच्या गोळ्यांनी अनेक माओरी मेले. त्यातला पहिला ते मारो. तुपाया नसता तर रक्तपात याहून मोठा झाला असता, यात मला शंका नाही. १७७० च्या डिसेंबरात बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्तात, तो आजारपणात वारला. १७७३ मध्ये कुक पुन्हा न्यूझीलंडला गेला, तेव्हा माओरी लोक तुपायाची चौकशी करत होते. जहाजाच्या कप्तानापेक्षा तोच त्यांच्या लक्षात राहिला होता.

आम्ही इथे २६ जानेवारीला प्रजासत्ताक दिन साजरा करतो. त्याच दिवशी मूळ रहिवासी निषेध मोर्चा काढतात. याचा कुकशी संबंध काय? (वाचक, सिडनी)

संबंध सरळ आहे. कुकच्या अहवालांच्या आधारेच ब्रिटनने कैद्यांच्या वसाहतीसाठी ही जागा निवडली. अकरा जहाजे आली आणि २६ जानेवारी १७८८ रोजी सिडनीच्या खाडीत झेंडा लागला. पुढच्याच वर्षी तिथे देवीची साथ पसरली. वसाहतीचा पहिला गव्हर्नर फिलिप याच्या अंदाजानुसार आसपासचे निम्मे मूळ रहिवासी त्यात मेले. साथ कुठून आली यावर आजही वाद आहे. जमिनी मात्र कोणताही करार न करता गेल्या. १९३८ मध्ये याच तारखेला मूळ रहिवाशांनी सिडनीत शोकदिन पाळला. ही भूमी कुणाच्याच मालकीची नव्हती, ही कायदेशीर समजूत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने थेट १९९२ मध्ये, माबो खटल्यात फेटाळली. आपला सण तुम्ही जरूर साजरा करा, पण त्या मोर्चातल्या लोकांचे म्हणणेही ऐकून घ्या.

रोग पसरतील हे कुकला कळत होते का? (वैद्यकीय विद्यार्थिनी, पुणे)

हो, कळत होते. जानेवारी १७७८ मध्ये तो हवाईच्या बेटांवर पोहोचला, तेव्हा स्त्रियांना जहाजावर घेण्यास त्याने मनाई केली. गुप्तरोग असलेल्या खलाशांना किनाऱ्यावर जायला बंदी घातली. हुकूम पाळले गेले नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो माउई बेटाजवळ आला, तोवर रोग तिथे त्याच्या आधी पोहोचला होता. पुढे इतर जहाजांबरोबर गोवर, देवी, इन्फ्लुएंझा आले. कुकचा अधिकारी जेम्स किंग याने हवाईची लोकसंख्या ४ लाख धरली होती. आजच्या अभ्यासकांचे आकडे याच्या खाली-वर आहेत. १८५३ च्या जनगणनेत मूळ हवाईयन उरले होते सुमारे ७१ हजार. त्यांचा राजा लिहोलिहो आणि राणी कामामालू १८२४ मध्ये लंडनला गेले, आणि दोघेही तिथेच गोवराने वारले.

या सगळ्याचा दोष एकट्या कुकवर टाकणे मला पटत नाही. पण धोका ओळखूनही त्याने जहाजे थांबवली नाहीत, हेही तितकेच खरे.

हवाईच्या लोकांनी कुकला देव मानले आणि मग मारले, हे खरे का? (वाचक, कोल्हापूर)

लोनो या देवाच्या उत्सवकाळात तो आला आणि त्याचा मोठा मान झाला, इतके नक्की. त्याला खरोखर देव मानले का, यावर १९९० च्या दशकात मार्शल सालिन्स आणि श्रीलंकेचे गणनाथ ओबेयेसेकेरे या मानवशास्त्रज्ञांमध्ये मोठा वाद झाला. मला मरणाचे कारण त्याहून साधे वाटते. चोरी झाली की तिथल्या सरदाराला ओलीस धरायचे, ही कुकची रीतच झाली होती. १७७७ मध्ये ताहितीजवळच्या मोओरेआ बेटावर एका चोरीला गेलेल्या बकरीपायी त्याने घरे आणि होड्या जाळल्या होत्या. १४ फेब्रुवारी १७७९ रोजी जहाजाची एक होडी चोरीला गेली, म्हणून केआलाकेकुआच्या किनाऱ्यावर तो राजा कलानिओपुऊला धरून न्यायला गेला. आपल्या राजाला कोणी ओढून नेत असेल तर लोक गप्प बसतील का? झटापटीत कुक आणि त्याचे चार सैनिक मेले. हवाईचे लोक त्याहून कितीतरी जास्त मेले.

याच राजाने काही दिवस आधी आपला पिसांचा झगा आणि शिरस्त्राण कुकला दिले होते. त्या वस्तू पुढे न्यूझीलंडच्या संग्रहालयात गेल्या, २०१६ मध्ये होनोलुलूला परतल्या आणि २०२० मध्ये कायमच्या तिथल्या झाल्या. बॉटनी बेच्या भाल्यांपैकी चार केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजकडे होते. ते २०२४ मध्ये त्याच खाडीकाठच्या ला पेरूजच्या मूळ रहिवाशांना परत मिळाले.