माहेरच्या तिघांना फिट्स, मग बाळालाही येणार का?

"मॅडम, सगळं माझ्याच माहेरचं आलंय हिच्यात." मुलीच्या आधी आईच बोलली.

मुलगी सव्वीस वर्षांची, लग्न झालेली, सोबत नवरा. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) तिला सोळाव्या वर्षी फिट्स सुरू झाल्या. गोळी चालू आहे आणि बऱ्याच काळात फिट आलेली नाही. आता दोघांना मूल हवंय. पण आईचा हिशेब पक्का होता: तिचे वडील, तिचा भाऊ, तिच्या बहिणीचा मुलगा आणि आता ही लेक. चौघांना फिट्स, म्हणजे पाचवं येणारं नातवंड. मुलीने हा हिशेब इतक्यांदा ऐकला होता की मूल होऊच देऊ नये, असं तिच्या मनाने जवळजवळ घेतलं होतं.

अशा वेळी मी लगेच टक्केवारी सांगत नाही. आधी कागद घेऊन वंशावळ काढते. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, आजार असलेल्याचं चिन्ह काळं. आणि चिन्ह काळं करण्याआधी प्रत्येकाबद्दल तेच प्रश्न: पहिला झटका कितव्या वर्षी आला? त्याआधी काय घडलं होतं? ताप होता का? बोलणं-चालणं उशिरा आलं का? अंगावर जन्मापासून पांढुरके चट्टे आहेत का? हा शेवटचा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो. पण ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाच्या आजारात असे चट्टे आणि फिट्स बरोबर दिसतात, आणि तो आजार आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी असते. तो विचारायचा राहून चालत नाही.

या घरात चट्टे कुणालाच नव्हते. आजोबांना अडुसष्टाव्या वर्षी पक्षाघात झाला आणि त्यानंतर काही महिन्यांनी फिट्स सुरू झाल्या. मेंदूचा जो भाग रक्ताअभावी मेला, त्याच्या कडेचा व्रण हे त्यांचं कारण. मामा तरुणपणी गाडीवरून पडला, डोक्याला जबर मार लागला, काही दिवस शुद्ध नव्हती, फिट्स त्यानंतरच्या. मावसभावाला दोन वर्षांचा असताना सणसणीत तापात दोनदा झटके आले आणि पुढे कधीच नाहीत. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात असा झटका येतो. ही प्रवृत्ती काही घराण्यांत जास्त दिसते हे खरं, पण त्याला अपस्मार, म्हणजे पुन्हा पुन्हा फिट्स येण्याचा आजार, म्हणत नाहीत आणि यातल्या बहुतेक मुलांना पुढे अपस्मार होतही नाही.

म्हणजे तीन माणसं आणि तीन वेगळी कारणं. आजोबांचा पक्षाघात किंवा मामाचा अपघात फिट्सच्या रूपाने नातीपर्यंत पोचत नाही. आई कागदाकडे बघत राहिली. "मग हिला का?" तिने विचारलं.

मुलीचं वेगळं होतं. मी मुलीला विचारलं, "फिट्स सुरू व्हायच्या आधी सकाळी उठल्यावर हातातून वस्तू पडायच्या का?" उत्तर आईनेच दिलं: कप, ब्रश, कंगवा. हाताला हिसका बसल्यासारखा व्हायचा आणि वस्तू उडायची. "मी ओरडायचे, लक्ष कुठे असतं म्हणून." पहिली मोठी फिट परीक्षेच्या दिवसांत, रात्रभर जागून अभ्यास केल्यावर सकाळी आली. घरात तेव्हापासून 'अभ्यासाच्या ताणाने झालं' असंच म्हणतात.

सकाळचे हिसके, किशोरवयात सुरुवात, जागरणानंतर मोठी फिट: त्यांच्या फाइलीत न्यूरॉलॉजिस्टनी (मेंदूविकारतज्ज्ञांनी) केलेलं निदानही हेच होतं, जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. एमआरआय नॉर्मल, ईईजीमध्ये (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखात) ठरावीक बदल. या प्रकाराचं मूळ मुख्यतः जनुकांत असतं. जागरणाने फिट येते, पण आजार जागरणाने होत नाही. परीक्षेसाठी रात्र जागलेल्या इतर मुलांना फिट आली नाही. प्रत्येक मेंदूला झटक्याचा एक उंबरठा असतो आणि हिचा जन्मतःच थोडा खाली आहे.

आईचा चेहरा पुन्हा उतरला. "म्हणजे माझ्याकडूनच ना?"

असा उंबरठा ठरवण्यात बहुतेकदा अनेक जनुकांचा छोटा-छोटा वाटा असतो, आणि तो आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. स्वतःला एकदाही फिट न आलेल्या माणसाकडूनही येतो. कुणाच्या माहेरावर किंवा सासरवर बोट ठेवता येईल अशी ही गोष्ट नाही. आणि बाळात हेच मिश्रण जसंच्या तसं उतरण्याची शक्यता कमी असते. आकड्यांत सांगायचं तर विसाव्या वर्षापर्यंत साधारण शंभरात एकाला अपस्मार होतो. आई-वडिलांपैकी एकाला हिच्यासारखा प्रकार असेल, तर मुलांमध्ये हे प्रमाण ढोबळमानाने शंभरात पाच ते दहा धरतात. धोका वाढतो, तो मी लपवत नाही. पण शंभरातल्या किमान नव्वद मुलांना अपस्मार होत नाही. आणि ज्यांना होतो, त्यांच्यापैकी सुमारे सत्तर टक्के लोक योग्य औषधांवर झटक्यांशिवाय राहू शकतात.

नवऱ्याने जनुकीय चाचणीबद्दल विचारलं. हिच्या प्रकारात सहसा एकच दोषी जनुक सापडत नाही, त्यामुळे त्या चाचणीतून बाळाबद्दल काही हाती लागलं नसतं. तान्ह्या वयात सुरू झालेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या, वाढ खुंटवणाऱ्या अपस्मारात मात्र ती जरूर करावी. तिथेही बरेचदा बदल मुलात नव्यानेच झालेला निघतो, आई-वडिलांत नसतो.

इतका वेळ सगळे जनुकांबद्दल बोलत होते. मला काळजी होती ती गोळीची. मुलगी सोडियम व्हॅल्प्रोएट घेत होती. या प्रकारच्या अपस्मारावर उत्तम औषध, पण गरोदरपणात घेतलं तर शंभरातल्या सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळतं आणि तीस ते चाळीस मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी दिसतात. बाळाला आईचा अपस्मार मिळण्यापेक्षा हा धोका कितीतरी मोठा, आणि तो टाळता येण्याजोगा. याबद्दल तिच्याशी कुणीच बोललं नव्हतं. ऐकल्यावर ती पटकन म्हणाली, "मग आजपासून बंद करते."

तेवढं मात्र करायचं नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं. गोळी एकदम बंद केली तर न थांबणारी फिट येऊ शकते आणि ती जीवघेणी ठरू शकते. न्यूरॉलॉजिस्टना भेटायचं, दिवस जाण्याच्या आधीच त्यांनी औषध हळूहळू बदलायचं, नव्या औषधावर काही महिने स्थिर राहायचं, तोवर गर्भनिरोधक वापरायचं. फॉलिक अ‍ॅसिडही आधीपासून, डॉक्टर सांगतील त्या मात्रेत. लिव्हेटिरॅसिटॅम आणि लॅमोट्रिजिन ही दोन औषधं गरोदरपणात बरीच सुरक्षित मानली जातात. लॅमोट्रिजिनने काहींचे हिसके वाढतात, म्हणून निवड न्यूरॉलॉजिस्टनीच करायची. गरोदरपणात काही औषधांची रक्तातली पातळी खाली येते, त्यामुळे मात्रा मध्येच वाढवावी लागू शकते. माझ्या अनुभवात बायका नेमक्या याच वेळी 'बाळासाठी' म्हणून गुपचूप गोळी कमी करतात. नवऱ्यांनी आणि आयांनी याकडे लक्ष ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

निघताना मुलीने स्वतःहून एक प्रश्न विचारला, त्या दिवशीचा तिचा बहुधा सगळ्यात मोठा: "बाळ कडेवर असताना फिट आली तर?"

यावर करण्यासारखं बरंच आहे. बाळाचे कपडे पलंगावर न बदलता जमिनीवर गादी टाकून बदलायचे. दूध पाजताना खाली बसायचं, भोवती उशा ठेवायच्या. बाळाला एकटीने अंघोळ घालायची नाही. रात्रीचं एक तरी दूध नवऱ्याने पाजायचं, कारण तिच्यासाठी सलग झोप ही गोळीइतकीच गरजेची. आणि फिट आलीच तर घरच्यांनी तिला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच रुग्णवाहिका बोलवायची.

आईने हे सगळं माझ्याकडून लिहून घेतलं. न्यूरॉलॉजिस्टची वेळ नवऱ्याने तिथे बसल्या बसल्याच फोनवरून ठरवली.