ते त्रिशूळ नव्हे, रशियन 'श' आहे

प्रश्न : यवतमाळच्या एका कबाड्याकडून मी २,२०० रुपयांत पांढरं हेल्मेट घेतलं. समोर वरखाली होणारी काळपट काच आहे. आत शिक्का आहे : आधी ३, मग त्रिशूळ, मग परत ३. कानाचे फोन मात्र नाहीत. ते त्यानंच काढून विकले असतील काय? तो म्हणतो, हे एकाहत्तरच्या लढाईतलं, मिग-२१ च्या पायलटचं आहे. पोरगा तर ते घालून मोटरसायकल चालवायची म्हणतो.
— एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : भाऊ, फोनचा आळ कबाड्यावर घेऊ नका. त्या हेल्मेटात फोन कधी नव्हतेच.

तुम्ही शिक्का जसा दिसला तसा लिहिला, हे फार बरं केलं. पहिला ३ हा आकडा नाही, तो रशियन 'झ' आहे, आपल्या झाडातला. त्रिशूळ म्हणजे 'श'. दोन्ही मिळून 'संरक्षक शिरस्त्राण' या रशियन शब्दांची आद्याक्षरं होतात. शेवटचा ३ तेवढा खरा आकडा. म्हणजे तुमच्याकडे सोव्हिएत झ-श-३, इंग्रजी वळणानं झेडएश-३, आहे, आणि ती अर्धीच वस्तू आहे. पायलट आधी डोक्याला घट्ट बसणारी चामड्याची टोपी घालायचा. कानाचे फोन त्या टोपीत, बोलायचा माइक गळ्याशी, आणि हे कवच त्यावर. मी वायुसेनेच्या नोकरीत असताना आमच्या सामानाच्या खोलीत टोप्या एका फळीवर आणि कवचं दुसऱ्या फळीवर असत. भंगारात गेल्यावर त्यांची ताटातूट होते. टोपी मिळाली तर घ्या. तिच्यावर त्रिशूळ आधी येईल : 'शएल' उन्हाळी, 'शझेड' हिवाळी. केएम-३२ हा ऑक्सिजन मास्कही जोडीला मिळाला, तर तुमच्या हेल्मेटाला खरी किंमत येईल.

आता एकाहत्तर. मिग-२१ आपल्याकडे १९६३ मध्ये आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं. इतक्या वर्षांतलं नेमकं एकाहत्तर कबाड्याला कुठून कळलं? असं हेल्मेट मिगसाठीच होतं असंही नाही, सुखोई-७ चे पायलटही तेच घालत. शिवाय सोव्हिएत संघ फुटल्यावर तिकडचा जुना माल जगभर विकला गेला. तारखेचा शिक्का, कोणाचं नाव, हिंदी-इंग्रजीतला एखादा स्टोअरचा नंबर दिसतो का पाहा. काहीच नसेल तर 'सोव्हिएत, झेडएश-३' एवढंच वहीत लिहा. गोष्ट वस्तूवर लिहिलेली असावी, विकणाऱ्याच्या तोंडात नव्हे. आणि कबाड्याकडून दोन ओळींची पावती घ्याच, माल कुठून आला तेही त्यात लिहून घ्या.

टोपी मिळालीच तर तिला तेल चोपडू नका. मी हा शहाणपणा करून बसलो आहे. सुरकुतलेल्या टोपीला घरचं जवसाचं तेल लावलं. जवसाचं तेल वाळतं ते राळेसारखं. आठ दिवसांत टोपी चिकट झाली, वर कापसाचा बारीक तूस बसला, तो आजतागायत निघाला नाही. कोरडं मऊ फडकं पुरे. काचेला पेट्रोल-थिनर लावू नका. आणि टिनाच्या छपराखाली ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात आतला फोम पिठासारखा गळतो.

पोराला मात्र साफ नाही म्हणा. त्यावर आयएसआयचा शिक्का नाही, आतलं अस्तर कित्येक वर्षांचं जुनं. पोलीस सोडेल एखाद्या वेळी, डांबर सोडणार नाही.

प्रश्न : सासरे वायुसेनेत होते. त्यांच्या ट्रंकेत कानाशी गोल खोबण असलेली कापडी टोपी सापडली. आत '२२सी' ने सुरू होणारा नंबर आहे आणि शाईनं त्यांचं नाव आहे. कळकट झाली आहे. धुऊन ठेवली तर चालेल का?
— एक वाचक, आर्वी

उत्तर : '२२सी' हा ब्रिटिश पद्धतीत उड्डाणाच्या कपड्यांचा नंबर. हंटर-नॅट या लढाऊ विमानांच्या जमान्यात कडक कवचाच्या आत अशा टोप्या घालत, फोन त्या खोबणीत बसत. कवच ट्रंकेत किंवा माळ्यावर आहे का, शोधा. टोपी धुऊ नका, ताई. शाई जाईल, आणि नाव असलेली एकच जागा आहे ती.