किंग क्रिम्सन: पहिल्या अल्बमपासून क्रमाने ऐकू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: '21स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन' हे गाणं ऐकून वेड लागलं, म्हणून किंग क्रिम्सन या ब्रिटिश रॉक बँडचे अल्बम पहिल्यापासून ओळीने लावले. पहिल्याच अल्बममधल्या 'मूनचाइल्ड'ला कंटाळा आला, दुसरा अल्बम पहिल्याची नक्कल वाटला आणि तिसऱ्या 'लिझर्ड'वर गाडी अडली. तर आता 13 स्टुडिओ अल्बमपैकी कुठला घ्यायचा, एकाच अल्बमच्या चार-चार आवृत्त्या दिसतात त्यातली कुठली ऐकायची, आणि कोथरूड ते हिंजवडी बसमध्ये ऐकलं तर चालेल का?

अडलात यात तुमच्या कानाचा काही दोष नाही, क्रमच चुकला. किंग क्रिम्सन हा एक बँड समजून ऐकायला गेलं की हमखास फसगत होते. जुन्या नाटक कंपनीसारखा प्रकार आहे: पाटी तीच, पण नटसंच दर दोन-तीन वर्षांनी नवा. पहिल्या अल्बमपासून शेवटच्या मैफलीपर्यंत टिकलेला माणूस एकच, गिटारवाला रॉबर्ट फ्रिप. 1969 चा संच त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिका दौऱ्यात फुटला. 'पोसायडन', 'लिझर्ड' आणि 'आयलंड्स' हे पुढचे तीन अल्बम माणसं जमतील तशी जमवून केलेले आहेत. क्रमाने ऐकणारा नेमका याच पडझडीच्या काळात अडकतो आणि 1973-74 च्या संचापर्यंत पोचतच नाही. माझ्या मते बँडचा खरा कणा तो संच आहे.

म्हणून सुरुवात 'रेड' (1974) पासून करा. पाचच रचना, सगळ्या मिळून साधारण 40 मिनिटं. गिटारला फ्रिप, बेस आणि गाण्याला जॉन वेटन, ड्रम्सला बिल ब्रुफर्ड. 'स्किझॉइड मॅन'मधलं जे तुम्हाला आवडलं, तो जडपणा आणि सगळ्यांनी एकदम थांबून एकदम सुटणं, ते इथे जास्त घट्ट आणि जास्त काळं आहे. मधे 'प्रॉव्हिडन्स' लागेल. ती 1974 च्या जूनमध्ये मैफलीत आयत्या वेळी सुचत गेलेली आठ मिनिटं आहेत, आधी व्हायोलिन चाचपडत राहतं. नवे श्रोते इथे पुढे ढकलतात. ढकलू नका, कारण तिच्या शांततेनंतरच 'स्टारलेस' नीट उघडते.

'स्टारलेस'वर एक अख्खी संध्याकाळ घालवा. बारा मिनिटांची रचना आहे. पहिली चारेक मिनिटं संथ गाणं, मागे मेलोट्रॉनचे तंतुवाद्यांसारखे सूर. गाणं संपलं की बेसवर एक तुकडा सुरू होतो, तो 13 मात्रांचा. तुकडा जिथे पुन्हा सुरू होतो तिला सम धरा आणि मांडीवर बोटांनी मोजा, जसं सवाईच्या मंडपात लोक मोजत बसलेले असतात. गिटार एकाच सुरावर हटून बसते आणि तो सूर हळूहळू वर सरकत जातो. ब्रुफर्ड आधी अगदी तुरळक आघात देतो, मग ते दाट होत जातात. नऊ मिनिटांच्या सुमारास लय दुप्पट होते, सॅक्सोफोन सुटतो, तरी 13 काही मोडत नाहीत. शेवटी सुरुवातीच्या गाण्याची धून मोठी होऊन परत येते. पहिल्यांदा मोजताना चौथ्या-पाचव्या आवर्तनात चुकाल, बहुतेक सगळे चुकतात. कानाला 12 ची सवय असते, त्यामुळे तेरावी मात्रा आपण नकळत खातो. ती एक मात्रा हाताला सापडली की पुढचा ताण अंगावर कसा येतो ते बघा.

दुसरा 'लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक' (1973). आता बसचा प्रश्न. या अल्बमची पहिली तीनेक मिनिटं कलिंबाच्या (अंगठ्यांनी वाजवायचं, धातूच्या पट्ट्यांचं छोटं आफ्रिकी वाद्य) हलक्या टिचक्यांसारख्या आवाजात जातात. बसमध्ये ती ऐकूच येत नाहीत. मग माणूस आवाज वाढवतो, आणि थोड्या वेळाने पूर्ण बँड कोसळतो तेव्हा कान बधिर होतात. या बँडच्या ध्वनिमुद्रणात हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर फार आहे, म्हणून रहदारीत यातला अर्धा मालच हरवतो. हा अल्बम घरी, रात्री, एकदा आवाजाची पातळी ठरवून ऐका. पातळी कशी ठरवायची? शेवटची रचना आधी अर्धा मिनिट लावून ती जितकी मोठी सहन होते तिथे ठेवा, आणि मग सुरुवातीपासून लावा. बससाठी 'डिसिप्लिन' चालेल, त्याकडे पुढे येतो.

'लार्क्स टंग्ज' याच नावाच्या रचनेचा दुसरा भाग, म्हणजे अल्बमची शेवटची रचना, तालाच्या अंगाने फार गोड आहे. मुख्य तुकडा 10 मात्रांचा. झपतालही दहाचा, पण झपतालाचे विभाग 2-3-2-3 आणि इथले 3-3-2-2. 'एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन' असं तोंडाने म्हणत ऐका. आधी लांब दोन ढांगा, मग दोन आखूड, म्हणून दर आवर्तनाला पायरी चुकल्यासारखा धक्का बसतो. तबला थोडासा जरी शिकला असाल तर ही गंमत तुम्हाला रॉकच्या इतर श्रोत्यांपेक्षा लवकर कळेल. आणि हो, त्याआधीची 'द टॉकिंग ड्रम' शून्यातून वाढत जाऊन एका किंकाळीवर संपते, आणि ती किंकाळी थेट या दुसऱ्या भागात शिरते. शफल चालू असेल तर दोन्ही रचना वाया जातात.

इथेच सेटिंगचं सांगून टाकतो. ॲपमध्ये शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) शून्यावर, आणि सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारा पर्यायही बंद करून बघा. डेटा वाचवायची गुणवत्ता असेल तर वर न्या. मेलोट्रॉन आणि झांजा तिथे सगळ्यात आधी खरखरतात. एकाच डब्यातला छोटा ब्लूटूथ स्पीकर मात्र या बँडसाठी नकोच. डावा-उजवा आवाज त्यात एकत्र होतो, आणि 1981 च्या संचाचं अर्धं काम डावी गिटार आणि उजवी गिटार यांच्यातच आहे. साधे वायरचे इअरफोन त्याहून कितीतरी बरे.

मेलोट्रॉनचं नाव दोनदा आलं, तेव्हा तो काय ते नीट समजून घ्या, कारण पहिला अल्बम त्याच्यावरच उभा आहे. पेटीसारख्या पट्ट्या असलेलं वाद्य, पण प्रत्येक पट्टीखाली टेपची एक वेगळी फीत. त्या फितीवर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा तोच एक सूर आधीच मुद्रित केलेला. पट्टी दाबली की फीत वाचणाऱ्या हेडवर दाबली जाऊन पुढे सरकते, सोडली की स्प्रिंग तिला मागे ओढतो. फीत सुमारे आठ सेकंदांचीच असते. म्हणजे सूर आठ सेकंदांपेक्षा जास्त धरताच येत नाही, वाजवणाऱ्याला त्याआधी बोट उचलून पुन्हा ठेवावं लागतं. त्या अल्बममधल्या 'एपिटाफ'मध्ये मागचे स्वरसमूह सतत नव्याने श्वास घेतल्यासारखे का वाटतात त्याचं एक कारण हे. शिवाय फितीचा वेग किंचित हलतो म्हणून सूरही किंचित डुलतो. हल्लीच्या कीबोर्डवर तो आवाज नक्कल करून मिळतो, पण ते डुलणं सहसा जास्तच गुळगुळीत असतं.

'रेड' आणि 'लार्क्स' पचले की 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' (1974). हा स्टुडिओ अल्बम म्हणून विकला गेला, पण त्यातला बराचसा भाग मैफलीत मुद्रित करून टाळ्या काढून टाकलेला आहे. त्यातली 'ट्रायो' ऐका. ब्रुफर्डने त्यात ड्रम्सवर एकही आघात केलेला नाही, तरी रचनेच्या श्रेयात त्याचं नाव आहे, न वाजवल्याबद्दल! ज्या मैफलीतून हा माल आला ती ॲम्स्टरडॅमची, 23 नोव्हेंबर 1973. ती 'द नाइट वॉच' नावाने 1997 मध्ये स्वतंत्र आली, जरूर ऐका. हा संच मंचावरच जास्त खुलतो, असं माझं ठाम मत आहे.

मग सात वर्षांची उडी. 1974 मध्ये 'रेड' बाजारात यायच्या आतच फ्रिपने बँड बंद केला, आणि 'डिसिप्लिन' आला 1981 मध्ये. ब्रुफर्ड जुना, बाकी दोघे नवे अमेरिकन: गाण्याला आणि दुसऱ्या गिटारला एड्रियन बिल्यू, बेस आणि चॅपमन स्टिकला (बोटांनी तारा ठोकून वाजवायचं गिटारसारखं वाद्य) टोनी लेविन. मेलोट्रॉन गेला, व्हायोलिन गेलं. आता दोन गिटारी जावाच्या गॅमेलानसारख्या (तिथला घंटा आणि धातूच्या पट्ट्यांचा वाद्यवृंद) एकमेकींत विणलेल्या आहेत. 'फ्रेम बाय फ्रेम' लावा आणि डोळे मिटा. दोन्ही गिटारी 7 च्या मोजणीवर एकत्र चालू लागतात. मग एक जण दर दोन आवर्तनांत एक सूर गाळतो, म्हणजे याचे 14 तर त्याचे 13. एक सूर, मग दोन, मग तीन, अशा त्या एकमेकींपासून सरकत जातात आणि पुन्हा जुळतात. डाव्या कानात एक, उजव्या कानात एक. दोन्ही एकदम मोजायला जाऊ नका. आधी डावी मोजा, दुसऱ्यांदा उजवी, तिसऱ्यांदा फक्त ड्रम्स. आवाजाची पातळी बरीच सारखी असल्यामुळे हा अल्बम बसमध्येही टिकतो. त्या संचाचे पुढचे 'बीट' (1982) आणि 'थ्री ऑफ अ परफेक्ट पेअर' (1984) उतरत्या क्रमाने चांगले आहेत. दोन्हींपेक्षा माँट्रियलची 1984 ची मैफल, 'ॲब्सेंट लव्हर्स', आधी घ्या.

आता पहिल्या अल्बमकडे परत या. 'मूनचाइल्ड'चं तुमचं म्हणणं रास्त आहे. अडीच मिनिटांचं गाणं आणि मग नऊ-साडेनऊ मिनिटं व्हायब्राफोन, गिटार, ड्रम्स यांची कुजबुज. 'प्रॉव्हिडन्स' आणि 'ट्रायो'नंतर ती कुजबुज वेगळी ऐकू येते. तरीही नाही पटली तर गाण्यानंतर सरळ शेवटच्या रचनेवर जा, कुणी काही म्हणणार नाही. 'पोसायडन' पहिल्याच्या साच्यावर बेतलेला आहे ही तुमची शंका बरोबर. तो सगळ्यात शेवटी ठेवा.

'लिझर्ड'ची अडचण मात्र वेगळी, आणि इथे आवृत्तीचा प्रश्न खरोखर महत्त्वाचा ठरतो. त्यात पितळी वाद्यं, पियानो, बासरी, ओबो इतकं सगळं एकावर एक रचलंय की 1970 च्या मूळ मिश्रणात गर्दी होते. 2009 पासून स्टीव्हन विल्सनने (2016 मध्ये पुण्यात वीकेंडर या संगीत महोत्सवात वाजवून गेला तोच) मूळ बहुपदरी टेपवरून (ज्यात प्रत्येक वाद्य वेगळं मुद्रित असतं) या अल्बमांचं नवं मिश्रण केलं. 'लिझर्ड'मध्ये त्याने प्रत्येक वाद्याला जागा करून दिली, तेव्हा तो एक अल्बम त्याच मिश्रणात ऐका. रीमास्टर आणि रीमिक्स एक नव्हेत. रीमास्टर म्हणजे तयार मिश्रणाचा पोत बदलणं, रीमिक्स म्हणजे वाद्यं पुन्हा मांडणं. ॲपमध्ये अल्बमच्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचा. 'रेड'साठी मूळ मिश्रणच पुरेसं आहे. आणि लांबलचक आवृत्ती उघडली तर 'स्टारलेस'नंतर थांबा. पुढे राहिलेले तुकडे आणि पर्यायी मुद्रणं असतात, त्यांनी शेवटाची धार जाते.

'अर्थबाउंड' (1972) हा मैफलींचा अल्बम एवढ्यात नको. तो कॅसेटवर मुद्रित केलेला आहे आणि आवाज चिरका आहे. बँड आवडायला लागल्यावर तोच चिरकेपणा आवडतो, आधी नाही.

रेकॉर्डवर खर्च करायचा विचार असेल तर 'रेड' आणि 'डिसिप्लिन' या दोनच घ्या. जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी रेकॉर्ड दिसतात, पण त्यात हिंदी सिनेमा आणि भावगीतं जास्त. क्रिम्सन मिळेल या आशेवर थांबू नका. आपल्या पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते, म्हणून रेकॉर्ड उभ्या ठेवा, भिंतीला टेकवू नका आणि आतलं कागदी पाकीट बदलून प्लॅस्टिकचं घाला.

1995 नंतरचं पटकन: 'थ्रॅक' (1995) घ्या, 'द पॉवर टू बिलीव्ह' (2003) घ्या, मधला 2000 चा 'द कन्स्ट्रक्शन ऑफ लाइट' सावकाश. आठवड्याला एकच अल्बम, तीनदा, असं धरलं तर तीन महिने सहज जातील. त्यानंतर 'लाइव्ह इन टोरंटो' लावा, मैफल 2015 ची. तीन ड्रमर मंचाच्या पुढच्या रांगेत बसतात, बाकी सगळे मागे. तिथली 'स्टारलेस' आणि 'रेड'मधली 'स्टारलेस' एकापाठोपाठ ऐका. मधे 41 वर्षं आहेत, आणि सॅक्सोफोनवर मेल कॉलिन्स दोन्हीकडे आहे.