नववा लागला की लेकरू गप्प होतं का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून दुपारी फोन आला. बावीस वर्षांची पहिलटकरीण, छत्तिसावा आठवडा सरलेला. सातव्यात ओटीभरण करून माहेरी आलेली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

"ताई, आंधी रातभर लाथा मारे. दोन दिवसापासून गपगार झालं. माय म्हणते, डोकं खाली आलं का लेकरू हालतच नाई. खरं हाय का जी?"

हा प्रश्न दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. आईच्या बोलण्यात अर्धं खरं आहे. शेवटच्या महिन्यात पोटात जागा कमी उरते, त्यामुळे जोरदार लाथेऐवजी ढुशी, सरकणं, ताणून अंग मोडणं असं जास्त जाणवतं. पण हालचालीची तऱ्हा बदलते, हालचाल कमी होत नाही. बाळ कळा सुरू होईपर्यंत आणि कळांमध्येही हलत राहतं. "आता गप्पच राहणार" ही समजूत धरून घरी थांबलेल्या बायांचे मोलाचे तास जातात, आणि ते परत मिळत नाहीत.

तिला पुढचे प्रश्न विचारले. शेवटचं कधी हललं? "सकायी एकदोनदा." अंगावरून रक्त, पाणी? नाही. डोकं? "दुखते, पण कामानं दुखत असन." सूज? पायाला होतीच, दोन दिवसांपासून बांगड्याही कचत होत्या, मनगटावर वळ उठत होते.

पायाची सूज नवव्यात पुष्कळ जणींना येते. हात आणि तोंड सुजलं, सोबत डोकेदुखी असली, तर मात्र बीपी पाहिल्याशिवाय बसायचं नाही. तिला हालचाल मोजत बसायला सांगितलं नाही, थेट निघायला सांगितलं. आईचं म्हणणं होतं, "उद्या नऊ तारीख हाय, मोठे डॉक्टर येतात, उद्याच नेतो." दर महिन्याच्या ९ तारखेची मोफत तपासणी चांगलीच आहे, ती चुकवू नये. पण ती नेहमीची तपासणी आहे, तातडीची नाही. बाळ कमी हलतंय तर तारीख पाहायची नसते.

१०२ ला फोन केला, गाडी आली. ग्रामीण रुग्णालयात बीपी १५०/१०० निघालं, लघवीत प्रथिनं होती. बाळाच्या ठोक्यांचा आलेख मनासारखा आला नाही म्हणून जिल्ह्याला पाठवलं. त्याच रात्री सिझर झालं. मुलगी, २ किलो २०० ग्रॅम, रडली.

आता हे होतं कसं? बीपी वाढलं की वारेकडे (प्लेसेंटा, ज्यातून बाळाला प्राणवायू आणि पोषण मिळतं) जाणारं रक्त कमी पडतं. प्राणवायू कमी मिळू लागला की बाळ आधी हालचाल आवरतं, आहे तेवढी ताकद हृदयाला आणि मेंदूला राखतं. ठोके बिघडतात ते नंतर. मधला वेळ कधी दिवसाचा, कधी काही तासांचा. तेवढ्यातच काही करता येतं. रक्त फार कमी असेल, सिकलसेलचा (घराण्यातून येणारा, रक्तातल्या तांबड्या पेशींचा) आजार असेल, तर हा धोका वाढतो, आणि आपल्या भागात दोन्ही कमी नाही.

हालचाल मोजायची सवय अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून लावावी. रात्री जेवून, भांडी आवरून झाली की डाव्या कुशीवर पडा. पाठीवर नको, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन रक्त कमी फिरतं. दोन वाट्या घ्या, एकीत तुरीचे १० दाणे. बाळ हललं की एक दाणा दुसऱ्या वाटीत. लाथ, ढुशी, लोळण सगळं धरा. सलग चाललेली हालचाल एकच मोजा. उचकी धरू नका, ती एका ठेक्यात टिकटिक होते. बहुतेक जणींचे दहा दाणे तासाभरात सरतात. बाळ झोपतंही, साधारण वीस ते चाळीस मिनिटं, म्हणून दोन तास धरायचे. दोन तासांत दहा झाले नाहीत, किंवा रोज अर्ध्या तासात होणारे आज दीड तास घेताहेत, तर त्याच रात्री दवाखाना. गूळपाणी पिऊन पाहू, सकाळी पाहू, असं करायचं नाही.

दिवसभर कापूस वेचताना हालचाल लक्षात येत नाही, हे खरं आहे. "आज जाणवलंच नाही" असं वाटलं तर आधी काम सोडून पडा आणि मोजा. अजिबातच हलत नसेल तर दोन तासही मोजू नका.

आणखी एक गोष्ट. तिच्या कार्डावर शेवटचं बीपी सहा आठवड्यांपूर्वीचं होतं. सासरच्या आशाताईला वाटलं माहेरी तपासणी होत असेल. माहेरच्या आशाताईच्या वहीत तिचं नावच नव्हतं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या कितीतरी मुली अशा दोन गावांच्या मध्ये सुटतात. त्यात दोघींचाही दोष काढण्यात अर्थ नाही. माता व बाल संरक्षण कार्ड साडीच्या पेटीत नाही, पर्समध्ये आणायचं, आणि आल्याच्या आठवड्यातच माहेरच्या उपकेंद्रात नाव लावायचं. छत्तिसाव्या आठवड्यानंतर दर आठवड्याला बीपी, वजन, पोटाची उंची, ठोके आणि लघवी बघून घेतली तर उत्तम. बीपी १४०/९० किंवा वर दिसलं की तिथेच डॉक्टरांकडे.

ठोके साधारण मिनिटाला ११० ते १६०. पण कुणी मशीन लावून "ठोके लागतात, काळजी नको" म्हणालं, आणि बाळ कमीच हलतंय, तरी जायचं. त्या घडीला ठोके लागले एवढंच त्यातून कळतं. बाळाला प्राणवायू पुरतोय का हे आलेख आणि सोनोग्राफीतच कळतं.