लव्हाळ्यातले तुडतुडे

प्रश्न : नाथसागराच्या कडेला लव्हाळा माजलाय. पाय पडला की तांदळाच्या कणीएवढे तपकिरी किडे टुणकन उडतात. शेजारी माझी ज्वारी आहे. फवारू का?
– एक शेतकरी, पैठण तालुका

उत्तर : भाऊ, पंप तूर्त खुंटीलाच राहू द्या. आधी मागच्या पायाची नडगी भिंगाखाली धरा. तिच्या टोकाला कोंबड्याच्या नखीसारखा एक मोठा काटा दिसेल. सुईनं ढकलला आणि हलला, तर किडा डेल्फॅसिडी कुळातला, म्हणजे भातावरच्या तपकिरी तुडतुड्याचा भाऊबंद. नडगीभर बारीक काट्यांच्या ओळी असतील, तर तो कपाशीवरच्या हिरव्या तुडतुड्यांच्या घरातला. आखूड पंखांचे दिसले तर पिल्लं समजून सोडू नका. मी पहिल्या वर्षी तेच केलं. एकाच जातीत आखूड आणि लांब, दोन्ही पंखांचे प्रौढ असतात.

आता लव्हाळा. देठ चिमटीत फिरवा, तीन कडा बोटाला लागतात. पाण्यातला की बांधावरचा नागरमोथा, हे किड्यांसोबतच्या चिठ्ठीवर लिहाच. डेल्फॅसिडी कुळातल्या बऱ्याच जाती ठरावीक झाडांनाच धरून असतात. नेमकी जात नराच्या जननांगावरून ठरते, तेव्हा चार-पाच नर स्पिरिटच्या बाटलीत ठेवा.

ज्वारीवरचा तुडतुडा, पेरेग्रिनस मेडिस, याच कुळातला, पण तो पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत सापडतो. पोंगे उघडून बघा.