तीन पत्ती येते, आता ओमाहा पोकर शिकायचाय. आधी टेक्सास होल्डेम शिकायलाच पाहिजे का?

नको. अजिबात नको. तुम्ही लिहिलंय की तीन पत्ती लहानपणापासून येते आणि मित्र ओमाहाला बोलावतायत, तर थेट ओमाहाच शिका. होल्डेमची सवय लागलेल्या माणसाच्या डोक्यात ओमाहाचा मुख्य नियम बसत नाही आणि तो चुकतोय हे त्याला पटतही नाही, आमच्या घरात बघितलंय मी.

नियम असा. हातात चार पानं, टेबलावर पाच उघडी, आणि पाच पानांचा हात करताना हातातली दोनच आणि टेबलावरची तीनच. दोन म्हणजे दोनच, एक नाही, तीन नाही. होल्डेममध्ये हातातलं एकच पान घ्या किंवा एकही घेऊ नका, चालतं. इथं चालत नाही.

ऑगस्ट 2019 चा सांगलीतला पूर. आमचं गावभागातलं घर पाण्यात, आम्ही सगळे विश्रामबागला मावशीकडं. लाइट नाही, मोबाइल उतरलेले, बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि घरात पत्त्याचा एकच कॅट. तीन पत्ती खेळून सगळे कंटाळले म्हणून मी ओमाहा काढला, पुण्यात रूमवर आम्ही तोच खेळायचो. मावशीच्या डब्यातले चिंचोके वाटून घेतले, नियम दोनदा सांगितला, सगळ्यांनी माना हलवल्या, दाजींनी पण.

एका डावात टेबलावर इस्पिकचा राजा, नव्वी, सत्ती, तिर्री आणि एक बदामची पंजी. शेवटाला मी आणि दाजी दोघंच उरलो, बाकीचे पॅक. दाजींनी इस्पिकचा एक्का आपटला, "फ्लश!" (पाचही पानं एकाच जातीची, म्हणजे आपला कलर) आणि चिंचोके ओढायला लागले. म्हणलं दाजी, दुसरं इस्पिक दाखवा. नव्हतंच. त्यांच्याकडं इस्पिकचा एक्का, बदामचा एक्का आणि दोन बिनकामाची पानं, म्हणजे सगळं मिळून एक्क्यांची जोडी. माझ्याकडं बदामचा आणि चौकटचा राजा, टेबलावरचा धरून तीन राजे. डाव माझा. होल्डेम असता तर दाजींचा हात त्या टेबलावर कुणालाच हरवता आला नसता हे खरंय, पण आम्ही होल्डेम खेळत नव्हतो.

दाजी म्हणाले, मोबाइलवर रोज खेळतो, मला शिकवू नको. नेटवर बघून मिटवायची सोय नव्हती. मग आई, मावशी, ताई सगळ्या एका सुरात, जावई माणूस आहेत, चिंचोकेच आहेत, जाऊ दे. चिंचोक्यांचा प्रश्नच नव्हता हो! नियम आधी सांगितलेला होता आणि मान्य केलेला होता. जावई आहे म्हणून एका इस्पिकाचा फ्लश होतो का? आणि अजूनही लग्नाकार्यात पत्ते निघाले की दाजी सगळ्यांसमोर म्हणतात, याला पत्त्यातलं कळत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, शो करताना हातातली कुठली दोन पानं धरली ती पुढं सरकवून दाखवायची पद्धत पहिल्या डावापासून ठेवा, आणि टेबलावर कुणी जावई असो, साहेब असो, दोन सरकवता आली नाहीत तर हात बाद. सुरुवातीचे डाव सगळ्यांची पानं उघडी ठेवून खेळा, नियम लवकर मुरतो.

तीन पत्तीवाल्यांना अजून एक गोष्ट नडते. आपल्याकडं सिक्वेन्स कलरच्या वर, पोकरमध्ये उलटं, फ्लश (कलर) स्ट्रेटच्या (सिक्वेन्सच्या) वर. कुणी मनानं ठरवलेलं नाही ते, तीन पानांत सिक्वेन्स 720 प्रकारे लागतो आणि कलर 1,096 प्रकारे, पाच पानांत स्ट्रेट 10,200 आणि फ्लश 5,108. जे कमी वेळा लागतं ते वर. आणि एक्का-दुर्री-तिर्रीला तीन पत्तीत मोठा मान असतो, इथं एक्का ते पंजीचा स्ट्रेट सगळ्यात लहान.

हातातल्या चार पानांतनं दोन-दोनच्या 6 जोड्या होतात, त्यामुळं चारही पानं एकमेकांना उपयोगी पडणारी पाहिजेत. तीन एक्के आले म्हणून नाचू नका, वापरता दोनच येतात आणि तिसऱ्यानं तुम्हाला टेबलावर हवा असलेला एक्काच अडवलेला असतो. आणि साधी जोडी घेऊन शेवटपर्यंत जाऊ नका, सगळ्यांकडं दोन-दोन पानांचे 6-6 पर्याय असतात, कुणाचं ना कुणाचं काहीतरी मोठं लागलेलं असतंच.

ओमाहा बहुतेक ठिकाणी पॉट लिमिट खेळतात, म्हणजे पॉटमध्ये (मध्ये जमलेल्या चिप्समध्ये) जेवढं असेल तेवढंच एका वेळी वाढवता येतं. पॉटमध्ये 100 आहेत, समोरच्यानं 50 लावले, तर तुमचे 50 धरून पॉट 200 होतो, तेवढंच वर वाढवता येतं, म्हणजे एकूण 250. हाय-लो नावाचा प्रकार पण आहे, पॉट वाटून जातो, तो आत्ता नको.

हे राहिलंच, मी हे सगळं चिंचोक्यांवर किंवा फुकट चिप्सवर खेळायचं म्हणून सांगतोय. पैसे लावून ऑनलाइन खेळायच्या गेमवर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं बंदीचा कायदा केलाय, आणि महाराष्ट्रात 1887 चा जुगारबंदीचा कायदा आहेच. मित्र पैसे लावून बसणार असतील तर जाऊ नका. आणि होल्डेम नंतर खुशाल शिका, वाईट खेळ नाही तो, फक्त त्याचे नियम घेऊन ओमाहाच्या टेबलावर बसू नका.