मत्स्यशेती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चार मीटर व्यासाच्या गोल टाकीत ८० सेंटिमीटर पाणी आहे, त्यात रोहूची पाच सेंटिमीटरची बोटुकली. ऑक्सिजन वाढावा म्हणून पंपाचा जोर वाढवला. आता कल्ले फिके पडलेत, कमजोर मासे मधल्या निचऱ्याच्या जाळीला चिकटून मरतात. नागपुरातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये माशांचं रक्त दिलं, तर हिमोग्लोबिन भरपूर निघालं. हे कसं?
– एक वाचक, रामटेक

उत्तर : पाणी किती बदलतं आणि ते किती वेगाने फिरतं, हे दोन हिशेब वेगळे आहेत. तुमची टाकी साधारण १०,००० लिटरची. तासाला तेवढंच पाणी आत गेलं तर काही बिघडत नाही. पण ते एकाच अरुंद नळीतून सुटलं की टाकीत गरगर भोवरा होतो.

वेग मोजायला संत्र्याची साल पुरे. भिंतीपासून अर्ध्या मीटरवर सोडा. तिथला फेरा ९.४ मीटरचा आहे. साल ४५ सेकंदांत फिरून आली तर वेग सेकंदाला २१ सेंटिमीटर, म्हणजे माशाच्या लांबीच्या चौपट. एवढ्याशा जिवाला रात्रंदिवस हे झेपत नाही. सेकंदाला एक लांबी, म्हणजे पाच सेंटिमीटर धरून सुरुवात करा. फेऱ्याला तीन मिनिटं लागली पाहिजेत. मात्र त्याहून फार मंद केलं तर विष्ठा मधल्या निचऱ्याकडे सरकत नाही.

त्यासाठी पंप बारीक करू नका, पाण्याची अदलाबदल कमी होईल. नळीऐवजी उभा पाइप लावून त्याला वरपासून खालपर्यंत भोकं पाडा. भोकांचं एकूण क्षेत्रफळ दुप्पट झालं की धारेचा वेग निम्मा होतो. तरी जोर वाटला तर भोकांचं तोंड थोडं भिंतीकडे वळवा.

आता रक्त. दमलेला किंवा घाबरलेला मासा प्लीहेतल्या राखीव तांबड्या पेशी रक्तात सोडतो, पेशी फुगतातही. त्यामुळे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, वाढलेला दिसतो. ती तब्येतीची खूण नव्हे. शिवाय माशाच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, म्हणून माणसाच्या रक्ताचं यंत्र पेशी चुकीच्या मोजतं. हिमोग्लोबिन काढतानाही फुटलेल्या पेशींची केंद्रकं सेंट्रिफ्यूजने (नळी गरगर फिरवणाऱ्या यंत्राने) खाली बसवली नाहीत, तर द्रावण गढूळ राहून आकडा फुगतो. तुमच्या रिपोर्टमध्ये बहुधा हेच झालं असावं. मासा जाळ्यात पकडल्यापासून एक-दोन मिनिटांत रक्त घ्या, हिमॅटोक्रिट केशनळीत (केसासारख्या बारीक काचनळीत) काढा आणि पेशी हाताने मोजायला सांगा.

फिक्या कल्ल्यांवर चिकट थर असेल तर आधी सूक्ष्मदर्शकाखाली कल्लेकृमी (कल्ल्यांवरचे बारीक परजीवी) शोधा. मग दोष प्रवाहाचा नसेलही.

प्रश्न : मे महिन्यात वीज गेली, पंप रात्रभर बंद. सकाळी मासे पृष्ठभागावर, कल्ले चॉकलेटी.
– एक वाचक, उमरेड

उत्तर : हे नायट्राइट, म्हणजे विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून बनणारं विष; पाणी बदललं नाही की साचतं. ते कल्ल्यांतून शिरून हिमोग्लोबिनचं मेथेमोग्लोबिन करतं, त्याला ऑक्सिजन वाहता येत नाही. म्हणून पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. आधी खाद्य बंद, हवा सुरू. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांच्या दारातच अडवतं, ते वजनाने नायट्राइटच्या दसपट हवं. लिटरला १ मिलिग्रॅम नायट्राइट असेल तर १०,००० लिटरला सुमारे १७० ग्रॅम खडे मीठ, बादलीत विरघळवून, टाकीत सगळीकडे. मिठाने नायट्राइट जात नाही. पंप सुरू होताच पाणी बदला. किटवर ‘नायट्राइट-नायट्रोजन’ लिहिलं असेल तर आकड्याला आधी ३.३ ने गुणा.